लॅबचा रिपोर्ट वेळेत आलाच नाही: एमएस्सी जिऑलॉजीच्या एका डिझर्टेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात एमएस्सी जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं आहे. तिचं नाव, कॉलेज, गाव यातलं काही देत नाहीये, लिहायला तिची हरकत नाही हे विचारून घेतलंय. मी तेव्हा त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होतो, तिचा गाईड नव्हतो, पण बरंचसं काम माझ्यासमोर झालं आणि काही वेळा फील्डवर सोबतही गेलो. दरवर्षी दुसऱ्या वर्षाची मुलं याच वळणावर अडकताना दिसतात म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना हा कोर्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवीन शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात महाराष्ट्रात दोन वर्षांच्या एमएस्सीला तिसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिट आणि चौथ्याला ६ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट असतो. मुलं त्याला अजूनही डिझर्टेशनच म्हणतात. म्हणजे विषय ठरतो ऑगस्ट-सप्टेंबरात, फील्ड दिवाळीनंतर, आणि एप्रिल-मेमध्ये बाइंडिंग आणि व्हायवा. ऐकायला वर्षभर वाटतं पण मध्ये तिसऱ्या सेमची परीक्षा, प्रॅक्टिकलच्या जर्नल्स, अभ्यास सहल हे सगळं काढलं की हातात उरतात जेमतेम चार महिने. त्यात या मुलीने यूपीएससीच्या कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेचा फॉर्म भरलेला, त्याची पूर्व परीक्षा साधारण फेब्रुवारीत असते. जिऑलॉजी करणाऱ्या बहुतेकांचं हेच स्वप्न असतं, जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात) जिऑलॉजिस्ट किंवा केंद्रीय भूजल मंडळात हायड्रोजिऑलॉजिस्ट.

विषय तिने निवडला होता धुळे-नंदुरबार भागातल्या डाईकांची जिओकेमिस्ट्री, म्हणजे त्यांच्या खडकातल्या मूलद्रव्यांचा अभ्यास. विषय खरंच सुंदर आहे. दख्खनचा बेसाल्ट आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा नेमका कुठल्या भेगांमधून वर आला हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. तापीच्या दक्षिणेला या भागात पूर्व-पश्चिम धावणारे शेकडो डाईक आहेत, म्हणजे भेगांमध्ये थिजलेला मॅग्मा. आजूबाजूचा खडक झिजतो आणि डाईक शेतातून काळ्या भिंतीसारखा लांबवर उभा राहतो. या डाईकांमधलं बेरियम, झिर्कोनियम, नायोबियम यांचं प्रमाण काढून ते सह्याद्रीतल्या पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर या थरांशी जुळतं का ते बघायचं, अशी तिची कल्पना होती. तिचं आजोळ त्याच बाजूला, अहिराणी कळते, त्यामुळे भागही ओळखीचा.

अडचण

नोव्हेंबरात तिने दोन डाईकांवरून नमुने गोळा केले, हातोडीने बाहेरचा कुजलेला थर काढून आतला ताजा दगड. थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या दगडाच्या अगदी पातळ चकत्या, विभागातच घासले. पावडर करून, तिच्या पेलेट म्हणजे दाबलेल्या वड्या बनवायला आणि ट्रेस एलिमेंट म्हणजे अगदी थोडी असलेली मूलद्रव्यं मोजायला नमुने बाहेरच्या एका लॅबला पाठवायचे होते, मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रांपैकी विभागाकडे एक्सआरएफ नाही आणि आयसीपी-एमएस तर लांबचीच गोष्ट. गाईड मॅडमची तिथे ओळख होती आणि "डिसेंबरपर्यंत होऊन जाईल" असं फोनवर सांगितलं गेलं.

पहिला निर्णयाचा क्षण माझ्या मते हाच होता आणि तो कुणाला निर्णय वाटलाच नाही. लेखी तारीख कुणी मागितली नाही, रांगेत कितवा नंबर आहे ते विचारलं नाही, मशीन बंद पडलं तर पुढे काय हेही बोललं गेलं नाही. मॅडमचा हेतू चांगला होता आणि लॅबवाल्यांनीही मुद्दाम काही केलं नाही. पण एका एमएस्सीच्या मुलीचा सगळा प्रोजेक्ट ज्या एका रिपोर्टवर उभा होता तो तोंडी शब्दावर होता.

डिसेंबर गेला. जानेवारीच्या मध्यावर कळलं की मशीन दुरुस्तीला आहे आणि आधीचे पीएचडीवाल्यांचे नमुनेच पडून आहेत. तारीख सांगता येत नाही. प्रोजेक्ट सबमिट करायला तीन-साडेतीन महिने राहिलेले, पूर्व परीक्षा तोंडावर, आणि हातात काय तर थिन सेक्शन, फील्डची वही आणि टोपोशीटवर (भूभागाच्या सविस्तर नकाशावर) काढलेला डाईकांचा नकाशा. घरून वडिलांचा रोज फोन, प्रोजेक्टचं काय झालं, आणि तिला सांगायला काहीच नाही. त्या आठवड्यात ती डिपार्टमेंटला यायचीच बंद झाली होती. हे मी मुद्दाम लिहितोय कारण अशा वेळी मुलं गायब होतात आणि आपण शिक्षक ते आळस म्हणून बघतो.

समोर असलेले पर्याय

मॅडम, ती आणि मी असे तिघं बसलो. चहा झाला आणि कागदावर सगळं मांडलं.

वाट बघणं हा पहिला पर्याय. याला कुणीच तयार नव्हतं, पण नाही म्हणायलाही जड जात होतं कारण नमुन्यांवर दोन महिने गेले होते. लॅबचे नमुने परत न मागवता तिथेच राहू द्यायचे पण प्रोजेक्ट त्यांच्या भरवशावर ठेवायचा नाही, असं ठरायला जवळजवळ तास गेला.

दुसरा, फक्त पेट्रोग्राफी, म्हणजे खडकाचं सूक्ष्मदर्शकाखालचं वर्णन. थिन सेक्शनमध्ये प्लॅजिओक्लेज, ऑजाइट, अपारदर्शक खनिजं, टेक्स्चर, हे सगळं लिहून द्यायचं. मार्क मिळाले असते. पण दोन डाईकांच्या मोजक्या सेक्शनवर प्रश्न काय सोडवणार? ती स्वतःच म्हणाली की सर, हे वर्णन होईल, निष्कर्ष नाही.

तिसरा, सॅटेलाइट इमेजवरून लिनियामेंट, म्हणजे जमिनीवर दिसणाऱ्या सरळ रेघांचा नकाशा. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर तिला येत होतं, इमेज फुकट मिळतात. हे घरबसल्या होतं म्हणून मुलं पटकन याच्याकडे वळतात. माझा याला विरोध होता आणि मी तो तिथेच बोललो, स्क्रीनवर सरळ दिसणारी रेघ म्हणजे डाईक आहे, रस्त्याचा बांध आहे की शेताची हद्द हे जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

चौथा पर्याय तिच्याच वहीतून निघाला. नोव्हेंबरच्या नोंदीत तिने एका ठिकाणी लिहिलं होतं की डाईकच्या वरच्या अंगाच्या विहिरीला भरपूर पाणी आणि खालच्या अंगाला शेतकरी टँकरबद्दल बोलत होते. डाईक आणि भूजल हा विषय जुना आहे. डाईक घट्ट असेल तर जमिनीखालून उताराने येणारं पाणी अडवतो, आणि तोच जर फुटलेला, सांधे पडलेला असेल तर उलट त्याच्या लांबीने पाणी वाहून नेतो. मग आपल्या दोन डाईकांपैकी कुठला काय करतो? यासाठी लागणार होती मोजपट्टी, हातातलं ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं) आणि पाय. नोव्हेंबरचं सगळं मॅपिंगही वाया जात नव्हतं.

ठरलं हेच. पाण्याचं सविस्तर केमिकल अ‍ॅनालिसिस करायचं का असाही विषय निघाला होता पण तिनेच नको म्हटलं, परत लॅब आलीच ना मग. फक्त पाण्याची पातळी, ईसी आणि पीएच. प्रश्न लहान झाला पण त्याचा प्रत्येक आकडा तिच्या हातात होता, आणि चार महिन्यांच्या कामात मला तरी ही गोष्ट विषयाच्या भारदस्तपणापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

परीक्षेचं काय, हा प्रश्न तिने स्वतः सोडवला. पूर्व परीक्षा होईपर्यंत फक्त एक फील्ड ट्रिप, बाकी अभ्यास, आणि मग मार्च-एप्रिल पूर्ण फील्डला.

काय केलं

विभागाच्या लेटरहेडवर शिक्का मारलेलं पत्र घेतलं, आधी ग्रामपंचायतीत दाखवलं आणि मगच विहिरींकडे वळली. हे फार गरजेचं आहे. कुणी अनोळखी मुलगी विहिरीत टेप सोडतेय म्हटल्यावर लोकांना वाटतं सरकार पाणीपट्टी लावणार किंवा मोटारीचं कनेक्शन तपासायला आलंय. एक आजी लांबूनच ओरडल्या, "काय मोजी राहिनी व माय?" आणि तिने अहिराणीतच उत्तर दिल्यावर त्या जवळ येऊन बसल्या, विहीर कधी खोदली, किती पुरुष खोल, पाणी कुठल्या महिन्यात तळ गाठतं सगळं सांगितलं. ती फक्त प्रमाण मराठीत बोलली असती तर मला नाही वाटत इतकं मिळालं असतं.

एकटीने जायचं नाही हा नियम पहिल्यापासून. वर्गातला एक मित्र किंवा मैत्रीण सोबत, सकाळच्या पहिल्या एसटीने, मुक्काम मामाकडे. तिकडच्या कितीतरी जुन्या विहिरींना कठडा नाही, कडेची माती सुटलेली असते, तिथे टेप सोडताना दुसरं माणूस हवंच. एका विहिरीची कड इतकी वाईट होती की ती यादीतून काढली, आणि का काढली ते प्रोजेक्टमध्ये लिहिलं.

आता तांत्रिक भाग, ज्यात खरा कस लागला.

पातळी मोजायची म्हणजे मोटार बंद असतानाची, स्थिरावलेली. त्या भागात शेतीची लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. उन्हाळी कांदा आणि मक्याला पाणी चालू असतं तेव्हा लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू. पहिल्या ट्रिपचे आकडे त्यामुळे निरुपयोगी ठरले, शेजारशेजारच्या दोन विहिरींत उगाच मोठा फरक. मग तिने वायरमनकडून फीडरचं वेळापत्रक घेतलं आणि लाईट येण्याआधी सगळ्यात शेवटी मोजायचं असं ठरवलं, रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी आणि दिवसपाळीला पहाटे. प्रत्येक नोंदीपुढे शेवटची मोटार कधी चालली तेही लिहिलं.

दुसरा प्रश्न उंचीचा, आणि इथे प्रोजेक्ट फसता फसता वाचला. डाईकच्या दोन्ही बाजूंची पाण्याची पातळी एकमेकांशी तोलायची तर नुसती जमिनीपासून खोली चालत नाही, एका समान पातळीपासून उंची लागते. तिने हँडहेल्ड जीपीएसवरची उंची वापरायला सुरुवात केली होती. पण त्या यंत्राची उभी चूक सहज पाच-दहा मीटर जाते आणि आपण शोधत होतो दोन-तीन मीटरचा फरक! सॅटेलाइटवरून मिळणाऱ्या ३० मीटरच्या डीईएमचीही (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशाची) तीच गत. डीजीपीएस, म्हणजे जास्त अचूक जीपीएस, भाड्याने घेणं परवडणारं नव्हतं. शेवटी एका पॉलिटेक्निकच्या सिव्हिल विभागाकडून ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिच्यासोबतची उभी मोजपट्टी) मागून आणला, तिथल्या सरांनी अर्धा दिवस शिकवलं आणि सोबत एक विद्यार्थीही दिला. शेतांमधून लेव्हल फिरवत सुरुवातीच्या दगडावर परत येऊन चूक किती येते ते तपासलं, एका फेरीत जास्त आली म्हणून ती फेरी पूर्ण परत केली. एप्रिलच्या उन्हात हे करणं सोपं नसतं, तिघांचेही चेहरे काळवंडले होते. पण मी इतक्या वर्षांत एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये इतकं चोख काम क्वचित बघितलंय.

तिसरा क्षण एका विहिरीचा. पहिल्या डाईकला वरच्या अंगाच्या विहिरींची पातळी उंच आणि खालच्या अंगाला खोल, असं स्पष्ट चित्र येत होतं आणि त्यात खालच्या अंगाची एकच विहीर तुडुंब. वर्गातल्या मुलांनी सल्ला दिला, काढून टाक, एवढ्यात कोण बघतंय. मॅडमनी सांगितलं ठेव, आणि कारण माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही. ती परत गेली. विहिरीचे मालक, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांनी आधी काही सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या घरच्यांकडून कळलं की नदीकाठच्या दुसऱ्या विहिरीतून पाइपलाइनने पाणी आणून ते या विहिरीत सोडतात आणि मग इथून शेताला देतात. खानदेशात हे नेहमीचं आहे, विहीर म्हणजे साठवणीची टाकी. ईसी मीटरनेही तेच दाखवलं, त्या विहिरीचं पाणी आजूबाजूच्या विहिरींपेक्षा वेगळं आणि नदीकाठच्या विहिरीशी जुळणारं. मग तिने सगळ्याच विहिरींना हा प्रश्न परत विचारला, बाहेरून पाणी टाकता का, आणि अजून एक अशीच निघाली. ती पहिली विहीर गुपचूप वगळली असती तर ही दुसरी कधीच सापडली नसती आणि तिचा खोटा आकडा खरा म्हणून राहिला असता.

अजून एक गोष्ट, जी पुस्तकात नसते. लोक विचारायचे, ताई, बोअर कुठे मारू? तिथे पाणाड्याला नारळ हातात घेऊन फिरवायला पैसे देतात आणि बोअर कोरडं गेलं तर कर्ज डोक्यावर. जिऑलॉजी शिकलेली मुलगी समोर असताना विचारणारच ना माणूस. तिला एकदा अंदाज सांगायचा मोह झाला होता, मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, आपल्याकडे पातळी आहे, खालच्या खडकाचं रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून केलेली तपासणी) नाही, तेव्हा सांगू नकोस, पण डाईकला लागून खालच्या अंगाला खणण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा एवढं जरूर सांग. तिने तसंच केलं. काही जण नाराज झाले, आणि त्यांचं नाराज होणं मला पूर्ण समजतं.

निकाल

पहिला डाईक पाणी अडवतो हे बऱ्यापैकी ठामपणे मांडता आलं. दुसऱ्या डाईकला दोन्ही बाजूंच्या पातळीत फरकच आला नाही. तिथे जाऊन बघितल्यावर तो डाईक आडव्या सांध्यांनी पार फुटलेला, आणि एका जागी ओढ्याने कापून त्यातून वाट काढलेली. म्हणजे एकाच गावच्या शिवारात एक डाईक धरण आणि एक चाळणी. तिने शीर्षकातून "अडथळा" हा शब्द काढून टाकला आणि दोन्ही गोष्टी सारख्याच जागेत मांडल्या. थिन सेक्शनही कामी आले, घट्ट आणि फुटलेल्या डाईकच्या खडकात खनिजांचा फारसा फरक नाही, फरक सांध्यांचा आहे, हे दाखवायला.

व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्या पाइपलाइनच्या विहिरीवर आणि लेव्हलिंगच्या पानांवर घालवला. मार्क चांगले पडले.

पूर्व परीक्षा तिने दिली, पहिल्या वेळी झाली नाही. पुढच्या वर्षी परत बसली आणि पूर्व पास झाली, मुख्य परीक्षेत राहिली. हायड्रोजिऑलॉजिस्टसाठी मुख्यला तिसरा पेपर हायड्रोजिऑलॉजीचा असतो, त्याची तिला भीती उरली नव्हती असं ती सांगते. सध्या पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे आणि अभ्यास चालू आहे.

लॅबचा रिपोर्ट आला जूनमध्ये, व्हायवानंतर. आकडे नीट होते. पुढच्या बॅचच्या एका मुलाने ते घेऊन मूळ जिओकेमिस्ट्रीचा विषय केला, तिचं नाव लिहून.

काय वेगळं करता आलं असतं

सप्टेंबरात विषय ठरवतानाच एक साधा कागद करायचा होता: कुठला डेटा, कोण देणार, कुठल्या तारखेला, आणि नाही आला तर काय. बाहेरच्या लॅबवर अवलंबून असलेला भाग प्रोजेक्टचा कळस असावा, पाया नसावा. आता त्या विभागात मॅडमनी हा कागद सक्तीचा केलाय आणि डिसेंबरच्या १५ तारखेला तो परत बघतात, ज्याचा डेटा तोवर हातात नाही त्याचा विषय त्याच दिवशी लहान करतात.

जानेवारीत तिघं बसलो ते खरं म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसायला हवं होतं. तसं झालं असतं तर पावसाळ्यानंतरची भरलेली पातळी थोडीफार मिळाली असती. तिच्याकडे फक्त मार्च-एप्रिलची उतरती पातळी आहे, आणि डाईक पावसाळ्यात किती पाणी धरतो हे त्यावरून सांगता येत नाही. तिने मर्यादांच्या प्रकरणात हे स्पष्ट लिहिलंय.

पहिल्या ट्रिपला जायच्या आधी अर्धा दिवस नुसतं गावात बसून बोलायला हवं होतं. लाईटची पाळी, पाइपलाइन, शेततळी, कोण कुणाच्या विहिरीतून पाणी घेतं, हे सगळं लोकांना तोंडपाठ असतं आणि आपण ते टेपने शोधत बसतो. पुढच्या मुलांना मी प्रश्नांची एक यादी देतो आणि त्यात "या विहिरीत बाहेरून पाणी येतं का" हा पहिला प्रश्न आहे.

एक गोष्ट मात्र अजून राहिलीये. ज्या शेतकऱ्यांनी विहिरी उघड्या करून दिल्या त्यांना निकालाचा नकाशा मिळालेला नाही. पातळ्या, डाईकची जागा, कुठे अडतं कुठे नाही असा एक पानाचा मराठी नकाशा ग्रामपंचायतीत लावायचा असं ठरलं होतं, सबमिशनच्या घाईत मागे पडलं. मॅडम, ती आणि मी परत बोललोय, तिने नकाशा क्यूजीआयएसमध्ये मराठीत बनवायला घेतलाय, आणि खरीप पेरणीच्या आधी, लोक गावात असताना, तो घेऊन जायचं आहे.